सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी वर बसत नाही? न्यूट्रल तपासा

पाऊस लागून दोन-तीन दिवस झाले, भिंतींनी ओल धरली, की आमच्या घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की सगळ्या घराची वीज तोडणारा खटका, पडायला लागायचा. सलग दोन पावसाळे हे चाललं. दिवसा कधीतरी एकदा, रात्री मात्र हमखास. आणि रात्री पडला की लगेच वर बसायचाही नाही. बाबांना दम्याचा त्रास आहे, अपरात्री नेब्युलायझर लागतो. एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हाताने तो खटका पुन्हा पुन्हा वर ढकलायचा आणि आतल्या खोलीतून त्यांचा घरघरणारा श्वास ऐकायचा, अशा रात्री मी काढल्या आहेत. म्हणून हे सगळं नीट, तपशिलात लिहून ठेवते आहे.

आमची इमारत माहीमची, १९७८ सालची, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा आणि खारं वारं दोन्ही झेलते. वायरिंग मूळचं, मध्ये मध्ये तुकड्या-तुकड्यांनी बदललेलं. तीन वायरमन येऊन गेले. पहिल्याने आरसीसीबीच खराब आहे म्हणून नवा बसवला. दुसऱ्याने इस्त्रीवर ठपका ठेवला, कारण इस्त्री लावली की पडायचा. आम्ही नवी इस्त्री आणली. ती लावली तरी पडायचा. तिसरा म्हणाला, "ताई, हा काढूनच टाकतो, डायरेक्ट जोडतो. कटकट संपली." त्याला मी नको म्हटलं. चौथे आले ते साठीचे एक काका, परवाना असलेले, सोबत मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन. त्यांनी दीड तासात दोष शोधला. तो शोधताना त्यांनी जे दाखवलं ते आधी माहीत असतं, तर दोन पावसाळे गेले नसते.

आधी बघा, नेमकं काय पडलं

बहुतेक जण फोनवर वायरमनला सांगतात, "लाइट गेली, काहीतरी पडलंय." काय पडलंय यावर अर्धं निदान ठरतं. डीबीतला, म्हणजे घरातले हे सगळे खटके असलेल्या पेटीतला, अरुंद, एकाच खटक्याचा असतो तो एमसीबी. दोन एमसीबींएवढा रुंद, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं तो आरसीसीबी.

एमसीबी पडला तर त्या एका सर्किटमधून जास्त करंट गेला. लावल्या लावल्या फटकन पडला तर शॉर्ट, दहा-वीस मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड. एवढ्यासाठीच त्याच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. शॉर्टसाठी चुंबकाची कॉइल, ओव्हरलोडसाठी तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी. ती पट्टी सावकाश चालते. १६ अँपिअरचा एमसीबी १७ अँपिअरला पडत नाही. साधारण २३ अँपिअर गेले तर तासाभराच्या आत पडतो. २ किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी सात-आठ. दोन्ही एकाच तारेवर असतील आणि वर मायक्रोवेव्ह लागला, तर काय होतं ते यावरून कळेल. त्यावर उपाय वेगळी तार हाच आहे, मोठा एमसीबी नव्हे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ चा एमसीबी बसवला तर एमसीबी पडणार नाही, पण भिंतीतली तार तापत राहील. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो, हे लक्षात ठेवलं की पुष्कळ चुका टळतात.

आरसीसीबीला मात्र किती करंट गेला याच्याशी काही देणंघेणं नाही. घराचा फेज (करंट आत आणणारी तार) आणि घराचा न्यूट्रल (तो परत नेणारी तार) दोन्ही त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो आणि तो गप्प राहतो. काही करंट भलत्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, गीझरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. घरात ३० मिलीअँपिअरचा असतो. ३० चा म्हणून विकलेला आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो, आणि ते बरोबरच आहे.

डीबीत काय कुठे असतं

बाहेरचं दार उघडून एकदा उजेडात नीट बघा. आतली स्क्रूची प्लेट मात्र काढू नका. घरातला मेन स्विच पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूच्या तारेत करंट असतोच. तळमजल्यावरच्या मीटर रूममधला तुमचा स्विच बंद केल्याशिवाय तो जात नाही.

मीटरकडून आलेल्या फेज आणि न्यूट्रल या दोन तारा आधी मेनला जोडलेल्या असतात. मेन दोन पोलचा, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा. तिथून त्या आरसीसीबीत जातात. आरसीसीबीच्या खालून बाहेर पडल्यावर मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. फेज जातो तांब्याच्या कंगव्यासारख्या पट्टीत, म्हणजे बसबारमध्ये, आणि तिथून रांगेतल्या प्रत्येक एमसीबीत. न्यूट्रल जातो वरच्या किंवा खालच्या बाजूच्या पितळी पट्टीवर. तिला वायरमन न्यूट्रल लिंक म्हणतात. घरातल्या सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल त्या एकाच पट्टीवर स्क्रूने आवळलेले असतात. अर्थिंगची हिरवी पट्टी वेगळी. तिचा आरसीसीबीशी संबंध नाही.

रांगेत मोठ्या लोडचे एमसीबी मेनच्या जवळ आणि दिवे-पंख्यांचे टोकाला, अशी चांगल्या कारागिराची पद्धत. दिव्यांना ६ किंवा १० अँपिअर आणि दीडची तार, १६ च्या प्लगांना अडीचची, गीझर-एसीला अडीच किंवा चारची. आमच्या डीबीत हे सगळं दिसायला ठीक होतं. एमसीबींवर चिठ्ठ्यासुद्धा होत्या.

पण साधा एमसीबी एका पोलचा असतो. तो फक्त फेज तोडतो. न्यूट्रलची तार त्याच्याकडे फिरकतच नाही, ती थेट लिंकवर. म्हणजे तुम्ही बाल्कनीचा एमसीबी पाडला, तरी बाल्कनीची न्यूट्रल तार घराच्या बाकी न्यूट्रलशी जोडलेलीच राहते. आमचे पहिले तीन वायरमन एकेक एमसीबी पाडून दोष शोधत होते आणि दोष होता न्यूट्रलमध्ये. तो त्या पद्धतीने सापडणं शक्यच नव्हतं.

इस्त्री का दोषी वाटत होती

काकांनी आधी सगळे एमसीबी खाली पाडले, आरसीसीबीचा खटका पूर्ण खाली दाबून मग वर केला. (काही आरसीसीबींचा खटका पडल्यावर मधेच अडकतो. तो तसाच वर ढकलला तर बसत नाही आणि उगाच वाटतं की दोष कायम आहे.) तो बसला. मग एकेक एमसीबी वर केला. बसलेलाच राहिला. मग हॉलमध्ये इस्त्री लावली आणि तो पडला. मी म्हटलं, "हेच, काका. रोज असंच होतं." ते म्हणाले, "इस्त्री बाजूला ठेवा. टोस्टर आहे का?" टोस्टर लावला, तरी पडला. "म्हणजे इस्त्रीचा काही दोष नाही. कुठलाही मोठा लोड लावला की पडतोय. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय."

कागदावर त्यांनी आकडे मांडून दाखवले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एरवी फारसा व्होल्टेज नसतो. आमच्याकडे लोड नसताना त्यांच्या मीटरवर ०.९ व्होल्ट दिसला. हा मोजताना त्यांनी मेनच्या वरच्या बाजूला, आरसीसीबीच्या आधी मोजला. हजार वॉटची इस्त्री म्हणजे सव्वाचार अँपिअर. ती चालू असली की न्यूट्रलमधून तेवढा करंट परत जाताना तारेच्या स्वतःच्या रोधामुळे तो व्होल्टेज चढतो. बिघाड असलेल्या जागी शंभर ओहमचा रोध धरा. ०.९ व्होल्टला ९ मिलीअँपिअर अर्थमध्ये निसटतील, आरसीसीबी सहन करेल. अडीच व्होल्टला २५ निसटतील, आणि तो पडेल.

रात्रीचं कोडंही यातूनच सुटलं. मीटर रूमच्या पलीकडे न्यूट्रल सगळ्या इमारतीचा एकच. रात्री मजल्यामजल्यावर एसी, टीव्ही चालू असले की तो व्होल्टेज आमचं काही चालू नसतानाही चढलेला असतो. म्हणून रात्री सगळे एमसीबी पाडूनसुद्धा खटका वर बसत नव्हता, आणि सकाळी वायरमन यायच्या वेळी निमूट बसायचा. दोन वर्षं मला वाटत होतं की दोष लपून बसतो. तो तिथेच होता, फक्त त्याला ढकलणारा व्होल्टेज कमी-जास्त होत होता.

सापडला कसा

मीटर रूममधला स्विच बंद करून काकांनी प्लेट काढली. आधी आरसीसीबीच्या खालच्या दोन्ही तारा सोडवल्या, स्विच पुन्हा चालू करून आरसीसीबी बसवला, टेस्टचं बटण दाबलं. पडला. म्हणजे आरसीसीबी चांगला. पहिल्या वायरमनने काढलेला जुनाही चांगलाच असणार. मग पुन्हा सगळं बंद. घरातले सगळे प्लग उपसून काढायला लावले. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डाचं बटणही फक्त फेजच तोडतं. न्यूट्रल उपकरणात तसाच जोडलेला राहतो. हे एक वाक्य तरी कृपा करून लक्षात ठेवा. मग लिंकवरून न्यूट्रलच्या तारा एकेक सुट्या केल्या, प्रत्येकीवर नंबरची चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक तार अर्थशी मेगरवर तपासली. मेगर ५०० व्होल्ट देतो आणि इन्सुलेशन किती धरून आहे ते मेगओहममध्ये सांगतो. जुन्या घरात एक मेगओहमच्या वर असेल तर काम चालतं. आमच्या बाकीच्या तारा वीसच्या वर होत्या. पाचव्या तारेला काटा शून्यावरून हललाच नाही. साध्या मल्टिमीटरवर तीच तार ९६ ओहम दाखवत होती.

पाचवी तार बाल्कनीची. तिथे दाराशेजारी वॉशिंग मशीनचा पॉइंट आहे. मशीनचा प्लग आम्ही कित्येकदा काढून बघितला होता आणि म्हणून त्या पॉइंटवर कुणाचा संशयच गेला नव्हता. काकांनी बोर्ड उघडला. आत भिंतीत गाडलेला जुना लोखंडी बॉक्स, तळाला गंजाचे पापुद्रे आणि त्यांवर चमचाभर पाणी. न्यूट्रलच्या दोन तारांचा पीळ मारून केलेला सांधा, त्यावरची काळी टेप वितळून डांबरासारखी चिकट झालेली आणि एका बाजूने उलगडलेली. तांबं हिरवं पडलं होतं. पिळातला एक केसाएवढा धागा बाहेर येऊन बॉक्सच्या गंजलेल्या भिंतीला टेकला होता. उन्हाळ्यात कोरडा गंज करंट अडवायचा. पावसाळ्यात तोच खाऱ्या पाण्याने भिजला की वाट मोकळी. बॉक्स अर्थिंगला जोडलेला होता, हे बरंच होतं. नसता तर पत्रा तसाच राहिला असता आणि उद्या फेजचा धागा सुटून टेकला असता, तर ओल्या हाताने बटण दाबणाऱ्याला कळलं असतं.

लोखंडी बॉक्स काढून पीव्हीसीचा बसवला, डीबीपासून सलग नवी तार ओढली, मधे सांधा ठेवला नाही. बाहेरच्या भिंतीची चीर सोसायटीने पाऊस उघडल्यावर भरून दिली.

मांडणी बदलली, आणि पुन्हा न्यूट्रलच

काका म्हणाले, ओल पुन्हा येणारच, मुंबई आहे. पण बाल्कनीतल्या ओलीने बाबांच्या खोलीतला दिवा का जावा? एकच आरसीसीबी असला की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातली गळती सगळं घर अंधारात टाकते. शिवाय गळती साठतही जाते. संगणक, इन्व्हर्टर एसी, एलईडीचे ड्रायव्हर यांतून थोडा करंट कायमच अर्थकडे झिरपतो, कुणाचा अर्धा मिलीअँपिअर, कुणाचा दोन. सगळं मिळून दहाच्या आत राहिलं पाहिजे. पंधराच्या आसपास पोचलं की एखादा बारीकसा धक्काही पुरतो.

म्हणून मोठा डीबी घेतला आणि दोन आरसीसीबी बसवले. एक कोरड्या बाजूचा: हॉल, दोन्ही खोल्यांचे दिवे-पंखे-प्लग, फ्रिज. दुसरा ओल्या बाजूचा: बाथरूमचा गीझर, स्वयंपाकघराचा ओटा, बाल्कनी. एसीचं बाहेरचं युनिट पावसात उभं असतं, म्हणून तोही ओल्या बाजूला. बसबारचे दोन तुकडे आणि न्यूट्रल लिंकही दोन. खरं काम ते. कोरड्या बाजूच्या प्रत्येक फेजचा न्यूट्रल कोरड्या लिंकवरच आला पाहिजे, एकही तार इकडची तिकडे नको. प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावणं याहून चांगलं, पण प्रत्येकी खर्च येतो. आम्हाला दोनात भागलं.

संध्याकाळी सगळं जोडून झालं आणि मी पॅसेजचा दिवा लावला. दोन्ही आरसीसीबी एकदम पडले. तो दिवा ९ वॉटचा! मला रडूच यायचं बाकी होतं. काका शांतपणे म्हणाले, "हा जुना उधारीचा न्यूट्रल." पॅसेजला दोन्ही टोकांना बटणं आहेत. कुणीतरी कधीकाळी फेज हॉलच्या सर्किटमधून घेतला होता आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून स्वयंपाकघराचा. एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येत होता, दोघांचाही हिशेब चुकत होता. ९ वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळजवळ ४० मिलीअँपिअर, आणि मर्यादा ३० ची. इतके दिवस दोन्ही तारा एकाच आरसीसीबीतून जात असल्यामुळे ही चूक उघडी पडली नव्हती. तुमच्याकडे दोन आरसीसीबी असतील आणि एखादा विशिष्ट दिवा लावला की दोन्ही पडत असतील, तर आधी हेच तपासायला सांगा.

तुम्ही स्वतः काय करू शकता

पडला की वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं ते लिहून ठेवा. पाऊस होता का, तेही. मग सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी पूर्ण खाली दाबून वर, आणि एकेक एमसीबी वर. एखादा ठरावीक एमसीबी वर केल्यावरच पडत असेल तर त्या सर्किटचे सगळे प्लग उपसा आणि पुन्हा करून बघा. आता बसला तर दोष उपकरणात. एकेक लावत जा. गीझर बहुधा पहिला संशयित, त्याच्या हीटिंग एलिमेंटला बारीक भेग गेली की पाण्यातून गळती होते. सगळे एमसीबी खाली असूनही बसत नसेल, किंवा कुठलाही मोठा लोड लावला की पडत असेल, तर तुमचं काम तिथे संपलं. परवाना असलेल्या वायरमनला बोलवा आणि स्पष्ट सांगा: "न्यूट्रल लिंकवरून सुटे करून मेगर लावून बघा." मेगर नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देणाऱ्याला दारातूनच नाही म्हणा. ३० च्या जागी १०० मिलीअँपिअरचा बसवून देतो म्हणणाऱ्यालाही. १०० चा इमारतीला आगीपासून जपायला ठीक, माणसाला वाचवायला नाही. अगदी जुन्या घरात अर्थिंगच नसेल तरी आरसीसीबी चालतो. फक्त तेव्हा तो गळती झाल्या झाल्या पडत नाही, कुणाचा तरी हात लागल्यावर पडतो. म्हणून अर्थिंग आधी करून घ्या.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. मी अमावास्येचा दिवस धरलाय, म्हणजे विसरत नाही. आधी संगणक बंद करायचा, मग बटण.

या जुलैत आमचा आरसीसीबी दोनदा पडला, दोन्ही वेळा ओल्या बाजूचा. एकदा ओट्यावरच्या मिक्सरमध्ये पाणी गेलं होतं, एकदा एसीच्या बाहेरच्या युनिटची तार उंदराने कुरतडली होती. दुसऱ्या वेळी पहाटेचे तीन वाजले होते. बाबांनी आतून विचारलं, "पंखा चालू आहे, मग तू का उठलीस?"